हॉल मोठा करायला पाडलेली भिंत

"नकाशातली ही भिंत कुठं आहे?" घर तपासायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

सुनेत्राला हे घर विकायचं होतं. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची, साहेबांच्या दाखल्याशिवाय ते विकता येणार नव्हतं. "आधीच्या मालकांनी पाडली, हॉल मोठा करायला. दंड भरू साहेब, पण विक्री अडवू नका."

स्टुलावर चढून साहेबांनी छतावरून बोट फिरवलं. केसाएवढी भेग थेट पंख्यापर्यंत गेली होती.

"बाई, वरचा मजला त्या भिंतीवर उभा होता. वर कोण राहतं?"

वरच्या बिऱ्हाडात आज नव्या सुनेची मंगळागौर होती. तेवढ्यात बायकांचा झिम्मा सुरू झाला आणि बंद पंखा झुलू लागला.

"थांबा गं, नाचू नका!" सुनेत्रा ओरडत जिना चढू लागली. वर टाळ्यांचा जोर आणखीच वाढला.