वडिलांची पटाशी

पाहुणे आले तेव्हा भिंतीवरच्या फळीवर नेमकी एक जागा रिकामी होती.

थोरल्याचा सुतारकामाचा कारखाना नावाजला होता तो या फळीमुळेच. प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने फळीवर काढलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. करवत, रंधा, गुण्या, पक्कड. सकाळी कारखान्यात शिरावं तर जमिनीवर भुशाचा कण दिसायचा नाही. म्हणून तर सुतारांच्या संघटनेने हे पाहुणे, म्हणजे नवे कारागीर, शिस्त शिकायला त्याच्याकडे पाठवले होते.

थोरल्याला बोलायची हौस होतीच.

"सवय म्हणजे काय? जी गोष्ट न बघता होते ती सवय. संध्याकाळी माझा हात आपोआप हत्यार जागेवर ठेवतो. मला फळीकडे बघावंही लागत नाही." त्याने हातातली कानस कोटाच्या खिशात सारली आणि एक बोट वर केलं. "आणि दुसरं, कामाची गोष्ट घरी न्यायची नाही. इतक्या वर्षांत कारखान्यातलं अवाक्षर मी बायकोला सांगितलेलं नाही."

"ही जागा रिकामी कशी?" एका पाहुण्याने विचारलं.

थोरल्याने वळून पाहिलं. वडिलांची पटाशी नव्हती. तिची लाकडी मूठ वडिलांच्या हाताने झिजली होती, आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला थोरल्याला खपत नसे.

त्याची नजर धाकट्या भावाकडे गेली. दुसरीकडे जायचं काही कारणच नव्हतं. धाकट्याच्या केसांत कायम भुसा, शर्टाचं एक बटण कायम गायब. काम मात्र बरं करायचा, पण बरं काम करणाऱ्याला शाबासकी द्यायची सवय थोरल्याला नव्हती.

"पटाशी कुठाय?"

"असेल दादा. मिळेल."

"मिळेल म्हणजे? कुठे मिळेल?"

धाकट्याने पाहुण्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मी जरा घराकडे जाऊन येतो. लगेच येतो."

"चहा राहिलाय ना सकाळचा!" थोरला म्हणाला, आणि पाहुणे हसले.

त्या सकाळी चहा राहिला होता हे खरंच. कारखान्याच्या वाटेवर धाकटा रोज थोरल्याच्या घरी चहाला थांबायचा. थोरल्याची दाढी होईपर्यंत चहा पिऊन पुढे जायचा आणि कारखाना उघडायचा. आज पाहुणे येणार म्हणून थोरला लवकरच तयार होऊन बाहेर पडला, तर धाकटा दारातच भेटला. "वहिनीला भेटून येतो," म्हणाला. "वहिनी काय पळून जातेय का? चल सरळ," म्हणून थोरल्याने त्याला तसाच पुढे घातला होता.

पाहुणे हसले नसते तर कदाचित थोरला तिथेच थांबला असता. पण हसू ऐकून त्याला चेव आला. बापाची एक वस्तू सांभाळता येत नाही, माझ्या शिस्तीला तूच एक डाग आहेस, असं बरंच काही तो बोलला. शेवटी म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

धाकट्याने खिशातून कारखान्याची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेला.

घरी थोरल्याने एवढंच सांगितलं, की धाकट्याला परगावी चांगलं काम मिळालं.

"मला न भेटता गेले?" कोट ब्रशने झटकता झटकता बायको म्हणाली.

"घाईत होता."

नंतरही तिने दोनदा विचारलं, भावजी कधी येणार म्हणून. थोरल्याने विषय बदलला.

धाकटा गेला की कारखाना आणखी नीट चालेल असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. कानस दिसेना. मग मोजायची टेप, मग एक स्क्रू-ड्रायव्हर, मग दुसरा. फळीवर नुसत्या पांढऱ्या आकृत्या उरायला लागल्या. त्याने नवा कारागीर ठेवला होता, त्याच्यावर संशय घेऊन त्याला काढला. दाराला नवं कुलूप लावलं. तरी पक्कड गेलीच. जुनी गिऱ्हाइकं खुर्च्या न्यायला यायची, फळीकडे बघायची आणि काही न बोलता जायची. त्या न बोलण्याचीच त्याला लाज वाटायची.

एकदा तो एकटाच फळीसमोर बसला होता. धाकटा जाऊन दोन महिने होत आले होते आणि हत्यारं अजून जातच होती. म्हणजे पटाशी धाकट्याने हरवली नव्हती. चोर तिसराच कुणीतरी होता, आणि आपण चारचौघांत सख्ख्या भावाचा पाणउतारा केला. थोरल्याला रडू आलं. भाऊ पाठ फिरवून गेला तेव्हा नव्हतं आलं.

त्या संध्याकाळी त्याने स्वतःचा नियम मोडला. जेवता जेवता बायकोला सगळं सांगितलं. पाहुणे, रिकामी जागा, काय काय बोललो ते, टेबलावर ठेवलेली किल्ली. एकेक हत्यार नेणारा तो चोर.

"माझ्यामुळे गेला तो," थोरला म्हणाला. "उगाच बोललो मी त्याला."

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. मग ती उठली, दाराजवळच्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. पिठाच्या डब्यामागे ठेवलेला बिस्किटांचा एक मोठा रिकामा डबा तिने आणला आणि झाकण काढून त्याच्यापुढे ठेवला. कानस, टेप, दोन्ही स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड. तळाशी झिजल्या मुठीची पटाशी. हातातला छोटा गुण्याही तिने त्यांच्यावर ठेवला.

"तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला भावजींनी," ती म्हणाली. "रोज सकाळी चहाच्या निमित्ताने यायचे आणि तुमच्या खिशात जे सापडेल ते नेऊन जागेवर लावायचे. आता मी हे कुणाकडे देऊ?"