तोफांचा धूर

जेवणाच्या टेबलावर यांनी पानिपतची लढाई मांडली होती. प्लॅस्टिकचे बोटभर सैनिक, स्वतः जोडून रंगवलेले. तोफांच्या तोंडाशी कापसाचा धूर. मी वाकून पाहिलं. माझ्या लक्षवातीच्या वाती पिंजल्या होत्या!

“अहो, अख्खा डबा?”

“कापूसच तर होता गं. बघ, धूर कसा खरा वाटतो!”

अंगाचा तिळपापड झाला. आवाज चढवला नाही. व्रतात चढवायचा नसतो.

“डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांची आशा सोडली, तेव्हा देवाला लाख वाती बोलले होते मी. त्याच डोळ्यांनी आता शिपायांच्या मिशा रंगवताय.”

ते धूर उपटू लागले.

“राहू दे. गोंदाच्या वाती देवाला चालत नाहीत.” मी सैन्य बाजूला सारलं, कापसाची पिशवी त्यांच्यापुढे आपटली. “वळा. लाख पुऱ्या होईपर्यंत लढाई बंद.”