छतावरचे लंगोट

"सकाळपासून कडक ऊन आहे आणि बॅटरी अजून निम्मीच," नवरा मीटरकडे बघत पुटपुटला. मी मुलीला पाजत होते.

आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. पंखा, दिवे, फ्रीज घराच्या बॅटरीवर. गाडी उभी असली की ती छतावरच्या सोलर पॅनलवर भरते, धावत असली की इंजिनावर. डोळे उघडल्याबरोबर तो तिचा आकडा बघतो. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते कुठल्याच मीटरवर दिसत नव्हतं.

तो शिडीने छतावर चढला. पॅनलभर मुलीचे चौदा लंगोट वाळत होते.

"अगं, सगळं ऊन अडवलंस की. खाली दोरी बांधलीये ना?"

"बांधलीये. मुद्दामच तिथे वर घातले. एक दिवस तरी त्या बॅटरीआधी माझी चौकशी करशील म्हणून."

खाली येऊन त्याने लंगोटांच्या घड्या घातल्या, मुलीला तिच्या सीटमध्ये बसवलं. "चल, इंजिनावर भरून घेऊ."

म्हणजे पुन्हा बॅटरीसाठीच. मी मुलीशेजारी पट्टा लावला आणि रागारागाने डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. मुलगी गाढ झोपली होती. मीटरवर हिरवा दिवा होता.

"भरली की. वळव आता."

"कधीचीच भरलीये," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "तू झोप."