खुर्चीतला कावळा

काव काव करून अण्णारावांचा घसा बसला, पण गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या पानाकडे एक कावळा फिरकेना. कबुतरं आली, ती हाकलली. खार आली, तिलाही हाकललं. गोपाळरावांनी मोबाइलवर कावळ्यांचा आवाज लावून पाहिला, तर शेजारचं कुत्रं तेवढं भुंकायला लागलं. आज या दोघा भावांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणाचं पान मांडायचं नाही. खाली दिवाणखान्यात करकंबहून आलेली भावकी भुकेनं जांभया देत होती.

गोपाळरावांची बायको प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात धुमसत उभी होती. पहाटेपासून राबून केलेले वडे, कढी, खीर सगळं गार होत चाललं होतं. मामंजींसाठी आठवणीनं शेंगाचटणी कुटली होती. जेवायला बसले की त्यांचं पहिलं बोट चटणीत जायचं. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो स्वयंपाकापायी नव्हे. मागल्या वर्षी दहाव्यालाही असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि थोरले दीर अण्णाराव साऱ्या भावकीसमोर म्हणाले, "म्हाताऱ्याचं मन मागं राह्यलंय. कशात, ते सांभाळनाऱ्यालाच ठावं."

सांभाळलं होतं प्रेमलानं. मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं हातानं काढलं होतं. आणि पदरात काय पडलं, तर हा बट्टा. तेव्हापासून भावकीतल्या बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत.

त्यात नवऱ्यानं घरात काय आणावं, तर कावळा. सोमेश नावाचा एक तरुण शिल्पकार भंगारातून पक्षी बनवतो. गोपाळराव त्याच्यावर फिदा. त्याचं प्रदर्शन कुठंही असो, हे हजर. त्याचा हा पत्र्याचा कावळा त्यांनी दिवाणखान्यात, अगदी दारासमोर मांडला होता. खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला, चोचीवर चष्मा, पुढ्यात छोटं टेबल. टेबलावर काही ठेवलं की आतली स्प्रिंग दबायची आणि कावळा मान खाली घालून त्यावर चोच मारायचा. येईल त्याला गोपाळराव तिथं किल्ल्या ठेवायला लावायचे आणि स्वतःच खदाखदा हसायचे.

"कावळ्यानंच माझं नाव घालवलं, आणि तुम्ही त्यालाच खुर्ची देता," असं तिनं किती वेळा सांगून पाहिलं. "अगं, कला आहे ती," हे उत्तर ठरलेलं. कलेचं कपाळ. आज सकाळी ती त्याच्यावर चादर टाकून आली होती, तर ह्यांनी ती पाहुण्यांसमोर काढली.

अण्णाराव घाम पुसत गच्चीवरून उतरले. "न्हाय येत," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा राग काय जात न्हाय." बोलताना त्यांनी प्रेमलाकडं पाहिलं नाही, पण दिवाणखान्यातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. ती तरातरा गच्चीवर गेली, पान उचलून खाली आली आणि थेट पत्र्याच्या कावळ्यापुढं उभी राहिली.

"अगं, काय करतेस?" गोपाळराव पुढं आले.

"तेव्हा गवताचा चालला की नाही? मग पत्र्याचा का चालू नये?" म्हणत तिनं पान टेबलावर आदळलं.

कावळ्याची मान कुरकुरली. हळूहळू खाली आली. वडे, भात सगळं सोडून चोच नेमकी शेंगाचटणीत रुतली, आणि चष्मा घसरून खिरीच्या द्रोणात पडला.

कुणी हसलं नाही. गोपाळरावसुद्धा नाही. अण्णाराव त्या चटणीत रुतलेल्या चोचीकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि बसलेल्या घशानं म्हणाले, "शिवला. पानं मांडा. पयलं पान प्रेमलाचं."

प्रेमलाचे डोळे भरून आले. आवाजातली चिडचिड मात्र तशीच होती.

"अहो, बघत काय उभे राहिलात," ती नवऱ्यावर खेकसली, "मामंजींचा चष्मा काढा आधी खिरीतून."