तिसऱ्या मजल्यावरची कचेरी

तिसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवताच फूटपट्टीची खात्री पटली की तक्रार खरी आहे. भिंतीला लागून चार खुर्च्या. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर कागद सांभाळत बसलेली माणसं. दारावर पाटी, ‘कामाची वेळ : १० ते ५’. आत घंटा वाजली आणि बसलेल्यांपैकी एक बाई पदर सारखा करत लगबगीनं आत गेली.

फूटपट्टी हे त्याला त्याच्या खात्यात पडलेलं नाव. इमारतींचा वापर नियमाप्रमाणे होतो की नाही, हे तो तपासायचा, आणि त्यात कुणाची गय करायचा नाही. या वस्तीचा नियम सोपा होता. खालचे दोन मजले कार्यालयांना, त्यांच्या वर फक्त राहती घरं. नियमाचा मसुदा त्यानंच लिहिला होता. संध्याकाळी कार्यालयं बंद झाली की रस्ता ओस पडतो. वर माणसं राहत असली की खिडक्यांत दिवे लागतात, कपडे वाळत पडतात, रस्त्याला कुणीतरी वाली राहतो. एका घराला सूट दिली की वर्षभरात अख्खा मजला हातचा जातो, हे त्यानं पलीकडच्या दोन गल्ल्यांत डोळ्यांनी पाहिलं होतं.

रिकाम्या खुर्चीवर बसून त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला सहज विचारलं, “किती दिवस खेटे घालताय?”

“झाले की आठ-नऊ महिने,” म्हातारा खुशीत म्हणाला. “वरच्या मजल्यावरच राहतो मी. साहेब फार चोख आहेत. एक कागद कमी असला तरी परत पाठवतात.”

फूटपट्टीनं टिपून घेतलं : घराबाहेरच्या लोकांची नियमित ये-जा. पाटी. घंटा. दंडाला एवढं पुरेसं होतं.

आत गेलेली बाई बाहेर पडली आणि तिच्यामागून चाळिशी उलटलेली दुसरी एक बाई दारात आली. तिनं त्याचं ओळखपत्र पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “मी सगळं सांगते,” ती हळूच म्हणाली. पण तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, “पुढचे कोण? पाठवा.”

म्हाताऱ्यानं फूटपट्टीलाच पुढे केलं. आत टेबलामागे ऐंशीच्या घरातले साहेब बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी हात पुढे केला तसा फूटपट्टीनं नकळत आपल्याकडचा तक्रार-अर्ज त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

“राहत्या मजल्यावर कचेरी?” ते म्हणाले. “हे चालायचं नाही. आठ दिवसांत बंद करा. गरज पडली तर कुलूप ठोका.”

फूटपट्टी चक्रावून बघतच राहिला. स्वतःच्याच कचेरीला टाळं लावायचा हुकूम देणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. बाई पुढे झाली. “साहेब, यांच्या फायलीतला एक कागद बाहेर राहिलाय. घेऊन येतो आम्ही.” आणि तिनं त्याला स्वयंपाकघरात नेलं.

“ते माझे बाबा,” ती म्हणाली. “नगररचना खात्यात होते, चौतीस वर्षं. आता काही आठवत नाही. रोज दहाच्या ठोक्याला कामावर निघायचे. दोनदा हरवले. दुसऱ्यांदा तर दुसऱ्या दिवशी सापडले, पुलाखाली, अनवाणी. शेवटी मी कचेरीच घरात आणली. बाहेर बसलेत ते सगळे याच इमारतीतले. खोटे अर्ज घेऊन येतात बिचारे. तुम्ही खुर्च्या उचलायला सांगितल्यात तर उचलते. पण उद्या दहा वाजता मी त्यांना काय सांगू?”

“आणि त्यांच्या लेखी तुम्ही कोण?”

“कारकून. मुलगी म्हणून घरात शिरू देत नव्हते. कारकून म्हणून त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे.”

गॅसवर भात शिजत होता. दोरीवर दोन माणसांचे कपडे वाळत होते. फूटपट्टीनं वहीतलं पान फाडून खिशात कोंबलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टेबलासमोर उभा राहिला.

“साहेब, समक्ष पाहणी केली. तिथे कचेरी नाही. कुटुंब राहतं.”

“नक्की? ऐकीव नको मला.”

“स्वतः पाहून आलोय. चूल पेटलेली आहे.”

“मग राहतं घरच ते. तक्रार निकाली काढा.” साहेबांनी अर्जावर शेरा मारला, सही केली. बाईनं शिक्का पुढे केला. “घरात कोण कोण असतं?”

“वडील आणि मुलगी. वडील थकलेत. मुलगी सगळं बघते.”

“एकटी?”

“एकटी.”

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. “हेही अहवालात आलं पाहिजे,” ते म्हणाले. “तिचं नाव सुटायला नको. माहीत आहे ना?”

फूटपट्टीनं बाईकडे पाहिलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, मधे वडिलांचं नाव घालून. त्यानं ते सावकाश लिहून घेतलं.

साहेबांनी मान वर केली. “छान नाव आहे,” ते म्हणाले. “कुणी ठेवलं?”

“वडिलांनी, साहेब.”