वारा पडायची वेळ

दिनकररावांनी चिमूटभर माती उचलली आणि छातीच्या उंचीवरून सोडली. माती सरळ खाली पडली. शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत जमलेल्या पंधरा-वीस जणांना हायसं वाटलं. दिनकररावांना मात्र घाम फुटला.

"वारा पडला की," दत्तराव म्हणाले. "लावा काडी."

दिनकररावांनी खिशातल्या काडीपेटीला हात लावला नाही. त्यांनी पुन्हा माती उचलली.

बोरीच्या शिवाराला लागून असलेल्या या गावात पेरणीआधी धुरे जाळतात. बांधावरचं वाळलेलं गवत, काट्याकुट्या, सगळं एका संध्याकाळी पेटवून मोकळं करायचं. कोणत्या संध्याकाळी, ते दिनकरराव ठरवणार. दिवस मावळताना वारा पडतो आणि पुढचे दोन तास आपले असतात. नेमक्या कोणत्या दिवशी तो पडेल आणि पडलेलाच राहील, हे त्यांनी चाळीस वर्षं सांगितलं. वारा जणू त्यांच्या घरचा सालगडी, विचारल्याशिवाय हलायचा नाही, असा त्यांचा तोरा. गावानंही तो चालवून घेतला, कारण तेवढ्या वर्षांत कुणाची कडब्याची पेंढी जळाली नव्हती.

गेल्या साली जळाली. तेव्हाही माती अशीच सरळ पडली होती. दिनकररावांनी काडी लावली, धुरा शिस्तीत जळत गेला आणि लोक चहा प्यायला घरी वळले. मग वारा उलटा फिरून आला. त्या वेळेला असा वारा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दत्तरावांची कडब्याची गंजी गेली, गोठा गेला, दावणीची गाभण गाय गेली.

आणि नाव आलं मुंजाजीवर. मुंजाजी हा दत्तरावांकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आग लागायच्या जरा आधी तो गंजीच्या आडोशाला विडी ओढत बसला होता, तेवढं पुरलं. दिनकररावांना कुणी काही विचारलं नाही आणि तेही आपणहून बोलले नाहीत. दत्तरावांनी मुंजाजीला कामावरून काढलं. तेव्हापासून तो मिळेल तिथं रोजानं जातो. कुणाच्या गोठ्याकडे वळला की बायका हटकतात, विडी बाहेर टाकून ये रे बाबा.

यंदा तर सगळंच बिनसलेलं. फाल्गुनात गारा पडल्या, चैत्र संपायच्या आत विहिरी आटल्या. जिंतूरकडच्या माळावरचं गवत दर दोन दिवसांनी कुठं ना कुठं पेटत होतं आणि कुणी पेटवलं ते कळत नव्हतं. वारा दिवसातून चारदा तोंड फिरवायचा. दिनकरराव आठ दिवस नुसते 'उद्या बघू' म्हणत होते. लोक कुरकुरायला लागले. म्हातारं भ्यायलं, असंही कुणीतरी म्हणून घेतलं. दत्तरावांची नवी गंजी धुऱ्यापासून पन्नास पावलांवर होती. पाऊस पडून हिरवं उगवेपर्यंत चार जनावरांच्या पोटाला तेवढाच आधार होता. बाजारात कडबा औषधालाही मिळत नव्हता.

त्या गंजीपाशी मुंजाजी उभा होता. पाठीवर फवारणीचा पंप, पंपात पाणी. ठिणगी आली तर विझवायची, एवढ्यासाठी त्याला आज रोजानं बोलावलं होतं. दिनकररावांची नजर त्याच्यावर गेली. आज वारा उलटला तरी नाव याचंच येणार. माणूस आयता उभा केलेला आहे.

"लावा की," दत्तराव पुन्हा म्हणाले. "उशीर व्हायलाय."

दिनकररावांनी काडीपेटी काढली आणि दत्तरावांच्या हातात ठेवली.

"मला वारा कळंना झालाय," ते म्हणाले. "गेल्या साली बी कळला न्हवता. तुमची गाय माझ्या काडीनं गेली, दत्तराव. मुंजाजीचा काई कसूर न्हवता."

आता शिव्या पडतील, कुणी अंगावर येईल, म्हणून ते मान खाली घालून थांबले. त्यांनी वर पाहिलं, तर बाकीचेच माना खाली घालून उभे होते.

दत्तराव काडीपेटी हातात फिरवत राहिले.

"ठाऊक हाय," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या दिशी सकाळीच दिसलं व्हतं. धुऱ्यापासून गंजीपस्तोर सलग काळा पट्टा व्हता. आंधळ्याला बी कळलं असतं."

"मग बोललाव कामून न्हाई?"

"काय बोलायचं? पावसाचा भरवसा न्हाई, हिरीचा न्हाई. एक माणूस तरी वारा वळखतोय, एवढंच उरलं व्हतं गावाकडं. ते बी घालवून बसायचं का?"

दोघा-तिघांनी हलकेच माना डोलावल्या. दिनकररावांना हे ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मुंजाजीनं पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला. तो गंजीपासून चालत धुऱ्यापर्यंत आला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणी नजर दिली नाही.

"म्हंजे समद्यांला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "आन् मी वरीसभर रोज झोपताना सोताला इचारायलोय, ती विडी मी नीट इझवली व्हती का न्हाई."