न पाहिलेलं पत्र

“मगापासून बोटच ठेवतेय मी. झिजेल आता,” खारूताई पुटपुटली, समोरच्या मॅडमना ऐकू जाईल इतपत.

पुढच्या दोन दातांमुळे अख्खी चौथी तिला खारूताई म्हणायची. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या पाच नावांपैकी तिचं शेवटचं. बाकीची पोरं मैदानावर पिटाळली होती. शिक्षण खात्याच्या मॅडमची पद्धत साधी होती. मुलानं वाचायचं, उत्तर द्यायचं आणि ते कागदावर कुठं आहे तिथं बोट ठेवायचं. गोष्ट झाली, कविता झाली, औषधाच्या बाटलीवरची सूचना झाली. दिवसातून किती चमचे ते खारूताईनं सांगितलं, आणि बाटली आधी हलवायची हेही.

चौथीच्या बाई बाजूच्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. मूल वाचत किंवा उत्तर देत असताना त्या एक शब्द जरी बोलल्या तरी चाचणी रद्द, असं मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं. चाचणी रद्द म्हणजे बाईंविरुद्ध खात्याकडे आलेली तक्रार खरी, आणि तक्रार खरी म्हणजे बाई घरी. पलीकडे मोठे सर चहाचा कप घेऊन बसले होते. मुख्याध्यापकाला बसावंच लागतं, असं त्यांचं त्यांनीच सांगितलं होतं.

“आता पत्र,” मॅडमनी फायलीतून कागद काढला.

“मामाचं भाच्याला?” बाईंनी विचारलं. “तीन वर्षं तेच आहे, मॅडम. मगाशी चौघांनी घडाघडा सांगितलं तर तुमच्याच कपाळाला आठ्या पडल्या. मी उत्तरं घोकून घेते, अशीच तक्रार आहे ना? मग हिला न पाहिलेलं पत्र द्या.”

“ते आता कुठून आणू?”

“माझ्याकडे आहे.”

बाईंनी पर्समधून चार घड्या घातलेली झेरॉक्स काढली. तक्रारीचा खुलासा मागताना खात्यानंच ती सोबत जोडून पाठवली होती. दोन महिने ती कंगव्याशेजारी पडून होती. शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम वह्या तपासायची आठवण व्हायची.

मॅडमनी घडी उलगडली. कागद ओळखला. बाईंकडे पाहिलं.

“हे लहान मुलांना देण्यासारखं नाही,” मोठे सर म्हणाले.

“का? तुम्ही वाचलंय?”

सरांनी कप बशीत ठेवला. “मी? मी कशाला वाचीन?”

“मग बघू या,” म्हणत मॅडमनी कागद खारूताईपुढे सरकवला.

बाई मान खाली घालून आपली नखं बघत बसल्या. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पाच नावांत ही निघाली तेव्हाच हा कागद हिलाच द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. या पोरीला दोन ओळींमधलंही दिसतं.

खारूताई वाचू लागली. दुसऱ्या ओळीला तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्याकडे. ती पुढं वाचत गेली. ‘चौथीच्या बाईंच्या वर्गातील मुलांना वाचलेले एक अक्षर समजत नाही’, हे तिनं कुठंही न अडखळता वाचलं. ‘वाचनाच्या तासाला त्या टेबलामागे चपला काढून, सुजलेले पाय स्टुलावर टाकून बसतात.’ इथं मात्र तिचा आवाज बारीक झाला.

“पत्र कोणी लिहिलंय?” मॅडमनी विचारलं.

“एक दुःखी पालक.” बोट.

“काय हवंय त्यांना?”

“बाईंना काढून टाकायला हवंय.” बोट.

“लिहिणाऱ्याबद्दल आणखी काय कळतं?” हा मॅडमच्या प्रश्नांच्या तक्त्यातला शेवटचा प्रश्न. बहुतेक मुलं इथं गप्प बसायची.

“ते पालक नाहीत.”

मॅडमचं पेन थांबलं. “कशावरून?”

“पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. आणि बाईंच्या टेबलाला पुढून फळी आहे. आम्हाला पण त्यांचे पाय दिसत नाहीत. मी वह्या ठेवायला मागं जाते, म्हणून मला माहितीये.” तिनं ‘स्टुलावर’ या शब्दावर बोट टेकवलं. “हे मागच्या खिडकीतूनच दिसतं.”

सगळ्यांनी मागं पाहिलं. टेबलामागच्या भिंतीत खिडकी एकच होती. तिच्या पलीकडे मोठ्या सरांच्या खोलीतली फिरती खुर्ची आणि खुंटीला त्यांची छत्री.

“मग कोणी लिहिलं असेल?”

खारूताईनं तोंड उघडलं. तेवढ्यात सर हसले. “सांग की, बाळ. तुझी धाकटी बहीण पहिलीत आहे ना आपल्या?”

तिचं तोंड मिटलं. कागदावरचं बोट हळूहळू मुठीत गेलं.

बाईंनी आजचा दिवस मनात कितीदा घडवून पाहिला होता. सरांचा उतरलेला चेहरा, थरथरणारी बशी, सगळं. त्यात ही मूठ नव्हती.

मॅडमचं पेन रिकाम्या चौकटीवर तसंच थांबलेलं होतं.

बाईंनी टेबलामागचं स्टूल ओढून पुढं घेतलं. एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही पाय वर ठेवले, सरांना नीट दिसतील असे.

“मोठ्या सरांनी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “आता करा रद्द.”